घरातलं, मनातलं : पहाटेची नर्मदा आणि नवऱ्याची ‘मदत’

या खेपेची बहुतेक पत्रं इंदूरची आहेत. तीही रामबागेतली किंवा राजवाड्याजवळची नाहीत, तर राजेंद्र नगर, सुदामा नगर, महालक्ष्मी नगर, निपानिया, राऊ अशा पसरत गेलेल्या भागांतली. वाडा सोडून स्वतंत्र घरात किंवा फ्लॅटमध्ये आलं की जागा वाढते. पण ओटल्यावर बसून चार बायकांत वाटली जाणारी कामं आणि कुरबुरी इथे एकटीच्या वाट्याला येतात. नावं अर्थातच छापलेली नाहीत. काही पत्रं आम्ही लहान केली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे नर्मदा, म्हणजे नळाचं पाणी, दिवसाआड येते, पहाटे साडेपाचला, जेमतेम पाऊण तास. खाली हौद आहे, गच्चीवर हजार लिटरची टंकी. नळ सोडायचा, हौद भरला की बंद करायचा, मोटर लावायची, टंकी वाहायला लागली की मोटर बंद करायची. बारा वर्षं हे मीच करते आहे. घरात आम्ही पाच माणसं. ‘एखाद दिवस तुम्ही उठा’ म्हटलं तर उत्तर मिळतं, ‘तुला सवय आहे ना.’ चिडचिड होते, पण पाण्यावरून रोज कोण भांडणार? (सुदामा नगर)

उत्तर : भांडू नका, प्लंबर बोलवा. तुमचं पत्र सांगतं त्यावरून पहाटे माणूस उठण्याची गरज दोनच गोष्टींमुळे आहे : हौदाला चालू स्थितीतला फ्लोट वॉल्व नाही आणि मोटरला आपोआप चालू-बंद करणारा कंट्रोलर नाही.

फ्लोट वॉल्व, ज्याला प्लंबर बॉलकॉक म्हणतात, तो हौदाच्या नळाच्या तोंडाशी बसतो. पाणी वर आलं की त्याचा गोळा तरंगत वर येतो आणि नळ मिटतो. तुमच्या हौदात जुना असेलही, फक्त अडकलेला. क्षाराचा थर बसतो किंवा आतला रबरी वायसर कडक होतो, मग तो पूर्ण मिटत नाही आणि पाणी रस्त्यावर जातं. त्यावरून शेजाऱ्यांनी एकदा बोलून दाखवलं की घरातलं कोणीतरी उठून नळ बंद करायला लागतं, आणि ते ‘कोणीतरी’ कायमचं होऊन बसतं. प्लास्टिकच्या दांडीचा घेऊ नका, पितळी घ्या. वर्षातून एकदा वायसर बदला.

दुसरी वस्तू वॉटर लेव्हल कंट्रोलर. याच्या काही तारा गच्चीच्या टंकीत सोडतात, काही हौदात. टंकी खाली गेली की मोटर सुरू होते, भरली की बंद, आणि हौद रिकामा असेल तर सुरूच होत नाही. हौदातली तार वगळून पैसे वाचवू नका. मोटर कोरडी फिरली तर तिचं सील जळतं आणि दुरुस्तीचा खर्च कंट्रोलरच्या किमतीला गाठतो. बोअरिंगचं पाणीही त्याच टंकीत जात असेल तर सेन्सरच्या टोकांवर पांढरा थर बसतो आणि टंकी भरली तरी मोटर बंद होत नाही. तीन-चार महिन्यांनी टोकं कापडानं घासून घ्या, पण आधी मेन स्विच बंद करून. मोटर ओल्या जागी असते, म्हणून तिच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, हवाच. नुसती फ्यूज शॉकपासून वाचवत नाही.

आता हौद पुरतो का पाहा. शहरी पुरवठ्याचा हिशेब माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. पाच माणसांचे ६७५, दिवसाआडचे १,३५०. एखादी पाळी चुकली तर तिसरा दिवसही काढावा लागतो, म्हणजे २,०००. हौद आणि टंकी मिळून एवढं मावत असेल तर तुम्ही निर्धास्त झोपू शकता.

यावर घरातून एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे : ‘पहिलं पाणी गढूळ येतं, ते कोणीतरी सोडून द्यायला हवं.’ त्याला उपाय असा की मोटरचा ओढ-पाइप हौदाच्या तळापासून निदान १५ सेंटिमीटर वर ठेवा, म्हणजे खाली बसलेला गाळ वर चढत नाही. हौद सहा महिन्यांनी रिकामा करून घासा. पिण्याचं पाणी फिल्टरमधून घ्याच. पाण्याला वास किंवा रंग आला तर मात्र यांतलं काहीच चालत नाही. ते पाणी वापरू नये, नगर निगमकडे तक्रार करावी. आणि लाइनवर थेट मोटर लावून पाणी ओढण्याचा सल्ला कोणी दिला तर साफ नाही म्हणा. ते नियमाविरुद्ध आहे, शिवाय वाटेतल्या फुटक्या जोडातून बाहेरची घाण आत ओढली जाते.

नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर चढून नर्मदा इंदूरला पोहोचते. तिला शेवटचे दहा फूट चढवायला रोज एका बाईनं उठायचं, हे काही पटत नाही.

प्रश्न : दोघं नोकरी करतो. नवरा वाईट नाही, ‘सांग ना, मी करतो’ असं नेहमी म्हणतो. रविवारी सकाळी छप्पन दुकानवरून पोहे-जिलेबी आणतो आणि ‘आज तुला सुट्टी’ म्हणतो. तरी रात्री माझंच डोकं फुटायला येतं. मी कृतघ्न आहे का? (महालक्ष्मी नगर)

उत्तर : नाही. पोहे आले तरी प्लेटा, चहा, दुधाचं पातेलं, वर पेरायची शेव मऊ तर नाही ना झाली, आणि नंतरची खरकटी तुमच्याकडेच राहिली. सुट्टी फक्त गॅसला मिळाली.

‘सांग ना’ या दोन शब्दांतच सगळं अडलेलं आहे. कोणत्याही घरकामाचे तीन तुकडे असतात : आठवणं, ठरवणं आणि करणं. तुमचे यजमान तिसरा तुकडा उचलायला तयार आहेत, पहिले दोन तुमच्याकडे ठेवून. थकवा त्या दोघांचा आहे. तूरडाळ संपत आली हे कळणं, बाई उद्या येणार नाही म्हणून रात्रीच कुकर रिकामा ठेवणं, मुलाच्या शाळेत मंगळवारी पांढरे बूट, हे कुठल्याही यादीत दिसत नाही.

सात दिवस एक छोटी वही जवळ ठेवा. तीत केलेली कामं लिहू नका, ती सगळ्यांना दिसतात. डोक्यात धरून ठेवलेल्या गोष्टी लिहा, वेळेसकट. ‘११.२० : ऑफिसात, गॅस लावायचा आठवला.’ आठवड्याच्या शेवटी वही त्यांच्या हातात द्या आणि काही बोलू नका. भाषणापेक्षा वही बरी, कारण तिच्यावर वाद घालता येत नाही.

मग एका कामाचं अख्खं वर्तुळ देऊन टाका, तिन्ही तुकड्यांसकट. पहिल्यांदा असं निवडा की चुकलं तर लगेच कळेल पण कोणाचं नुकसान होणार नाही. दूध, भाजी आणि गॅस हे तिन्ही चांगले. सासूबाईंची बीपीची गोळी चांगली नाही, तिथे चूक परवडत नाही. किराणा द्यायचा असेल तर डब्यांवर खुणा करून द्या. चार माणसांना पोळ्यांना दिवसाला साधारण पाचशे-सहाशे ग्रॅम कणीक लागते, म्हणजे आठवड्याला चार किलो. डाळ दिवसाला दीडशे ग्रॅम धरली तर आठवड्याला किलोभर. एवढं उरलं की डब्याच्या आत जिथवर माल येतो तिथे बाहेरून रंगीत चिकटपट्टी लावा. माल पट्टीपर्यंत उतरला की आणायचं. इथे आठवण ठेवायचं काम डबा करतो, तुम्ही नाही.

दर्जा एकदाच आणि नेमका सांगा. ‘ओटा नीट पूस’ याला अर्थ नाही. ‘शेगडी उचलून खालून पुसायचं, फडकं धुऊन वाळत टाकायचं, सिंकची जाळी रिकामी करायची’ याला आहे. हे सांगून झाल्यावर आठवण करायची नाही, हा सगळ्यांत अवघड भाग. दूध संपेल. त्या दिवशी कोरा चहा प्या. तुम्ही गुपचूप अर्धा लिटर आणलंत की वर्तुळ परत तुमच्याकडे आलं. आम्हांला येणाऱ्या पत्रांत बहुतेक प्रयोग दुसऱ्या आठवड्यात इथेच मोडतात. तीन आठवडे कळ काढा.

सासूबाईंना मुलगा ओट्याशी उभा राहिलेला बघवणार नाही हे गृहीत धरा. त्यांच्याशी तुम्ही बोलायचं नाही. ज्याची आई त्यानं बोलायचं, आणि ‘हिनं सांगितलं म्हणून’ न म्हणता ‘मी करतोय’ एवढंच.

प्रश्न : गाडी येते तेव्हा मी हमखास अंघोळीत असते. सहा प्रकारचा कचरा वेगळा करून मी ठेवायचा आणि धावत खालीही मीच जायचं. (राजेंद्र नगर)

उत्तर : ओला, सुका, प्लास्टिक, इलेक्ट्रॉनिक, सॅनिटरी आणि घातक. यांतले रोज लागतात ते पहिले तीनच आणि घरात गरज असेल तेव्हा सॅनिटरी. तेवढ्याच बादल्या दाराशी ठेवा. सेल, ट्यूबलाइट, जुने चार्जर, संपलेली औषधं वेगवेगळ्या पिशव्यांत साठवून पंधरा दिवसांनी द्या. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेरून लाल पेनानं खूण करा, म्हणजे गाडीवरच्या माणसाला उघडून पाहावं लागत नाही. धावत जायचं काम गाडीचं गाणं ऐकू येणाऱ्या पहिल्या माणसाचं, असा नियम करा. बारा वर्षांच्या मुलाला कान असतात.

प्रश्न : वय ४४, दोन बाळंतपणं. शिंकले, जोरात हसले, बादली उचलली की थोडी लघवी होते. गरब्याला जाणं सोडलं. बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाणी पीत नाही. जाऊबाई म्हणतात, सगळ्यांना होतं. कोणाला विचारू? (निपानिया)

उत्तर : पुष्कळ जणींना होतं हे खरं. म्हणून सोसत राहावं हे खरं नाही. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. तिच्यावर मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय टेकलेले असतात. बाळंतपण, वाढलेलं वजन, जुना खोकला आणि कायमची बद्धकोष्ठता यांनी ती सैलावते. शिंकताना पोटातला दाब एकदम वाढतो आणि मूत्रमार्ग क्षणभर उघडतो. बहुतेक जणींना व्यायामानं फरक पडतो, पण तो नीट करावा लागतो.

आधी लघवीची तपासणी आणि साखर करून घ्या. जंतुसंसर्ग किंवा मधुमेह असेल तर नुसत्या व्यायामानं भागणार नाही.

व्यायाम असा. चार माणसांत गॅस अडवताना जसं आत आणि वर ओढून धरतो, तसं ओढा. पोट, मांड्या, कुल्ले सैल आणि श्वास चालू. सुरुवातीला तीन सेकंद धरा, तीन सेकंद सोडा. आठवड्यागणिक वाढवत आठ ते दहा सेकंदांवर न्या. एका वेळी आठ-दहा वेळा, दिवसातून तीन खेपा. सकाळी पडल्या पडल्या, दुपारी बसून, संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजत उभ्यानं. निदान तीन महिने. फरक साधारण सहा आठवड्यांनी जाणवू लागतो, त्याच्या आधी सोडू नका.

चुकतं ते इथे. पुष्कळ जणी वर ओढण्याऐवजी खाली कुंथतात, त्यानं उलट नुकसान होतं. अडवताना पोट बाहेर येत असेल किंवा श्वास कोंडत असेल तर समजा की कुंथणं चाललंय. दुसरी चूक म्हणजे रोज लघवी करताना मध्येच थांबवून सराव करणं. स्नायू कोणता हे ओळखायला एकदा करून पाहिलं तर चालेल, रोज केलं तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. आणि एक युक्ती आजपासून वापरा : शिंक येतेय असं वाटलं किंवा बादलीला हात घातला की त्याच्या आधी तो स्नायू ओढून धरा, काम झाल्यावर सोडा.

पाणी तोडू नका. घट्ट पिवळी लघवी मूत्राशयाला टोचते आणि घाई वाढवते. दिवसाला दीड-दोन लिटर प्या, चहा मात्र दोन कपांवर आणा. ‘निघायच्या आधी एकदा जाऊन येऊ’ ही सवय कमी करा, कारण तिच्यामुळे मूत्राशयाला थोड्यालाच हाक मारायची सवय लागते. दिवसाला सहा ते आठ वेळा हे सर्वसाधारण आहे. तुमचा प्रश्न शिंकेचा आहे. एखादीला किल्ली दाराला लावता लावताच होत असेल तर तो प्रकार वेगळा, घाईचा. त्यात दोन खेपांमधलं अंतर दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत न्यायचं असतं.

वजन जास्त असेल तर ते पाच-दहा टक्क्यांनी उतरलं तरी गळती स्पष्ट कमी होते. तोवर मासिक पाळीचे पॅड वापरू नका, ते रक्तासाठी बनवलेले असतात, लघवी त्यात पटकन पसरते आणि कातडी सोलवटते. लघवीसाठीचे वेगळे पॅड मेडिकलमध्ये मिळतात.

तीन महिन्यांनी फरक नसेल तर, आणि लघवीत रक्त, दुखणं किंवा जुन्या बायका ‘अंग बाहेर येणं’ म्हणतात तसं काही जाणवत असेल तर वाट न पाहता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. मांड्यांमधल्या भागाला बधिरपणा आला तर मात्र लगेच इस्पितळ गाठा. आत बसवायची कडी असते, लहान शस्त्रक्रियाही असते. गरबा सोडायचं कारण नाही. आधी पॅड लावून जा, सुरुवातीला उड्या नसलेल्या फेऱ्यांत खेळा.

प्रश्न : वय ४९, पाळी कधी येते कधी नाही. जवळ येणं आता दुखतं, म्हणून मी टाळते. ह्यांना वाटतं मी रागावले आहे. शेजारच्या खोलीत सासूबाई, भिंत पातळ. हे कोणाशी बोलणार? (राऊ)

उत्तर : दुखण्याचं कारण रुसवा नाही, कमी झालेलं इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक आहे. या वयात योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं. हे वाक्य आधी यजमानांना वाचायला द्या. त्यांना जे नकार वाटतंय ते शरीराचं आहे, एवढं कळलं तरी घरातली हवा बदलते.

त्या वेळेपुरतं पाण्यावर आधारित ल्युब्रिकंट (ओलसरपणा देणारी जेल) वापरा, सढळ हातानं. रोजच्या कोरडेपणासाठी योनीचं मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा. तेवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर इस्ट्रोजेनची क्रीम देतात. ती साधारण दोन आठवडे रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा, जागेवर लावायची असते. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. साबण आणि सुवासिक वॉश बंद करा, साधं पाणी पुरतं. घरात निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल अजिबात नको, तेलानं त्याचं रबर काही मिनिटांत कमकुवत होतं.

निरोध अजून लागतो का, हेही या वयात विचारायला लाजू नका. पन्नाशीच्या आत पाळी थांबली असेल तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं काळजी घ्यायची, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष. अधूनमधून येत असेल तोवर दिवस राहू शकतात. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंबही रक्त दिसलं, किंवा संबंधानंतर रक्त येत असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा.

भिंतीचं म्हणाल तर, आपल्या घरांत देवाच्या कपाटाला कुलूप असतं आणि नवरा-बायकोच्या खोलीला आतून कडी नसते. कडी लावून घ्या. कॉटचे नट आवळा, पायांखाली रबरी टोप्या घाला. सामायिक भिंतीला पुस्तकांचं किंवा कपड्यांचं भरलेलं कपाट लावलं तर आवाज बराच अडतो. आणि रात्रच हवी असं कोणी सांगितलं? सासूबाई भजनाला जातात ती दुपार तुमची.

प्रश्न : दुपारी अर्धा तास झोपते आणि बेल वाजली की झोपले नव्हते असं सांगते. का, ते मलाच कळत नाही. (सुदामा नगर)

उत्तर : पहाटे साडेपाचला पाण्यासाठी कोण उठतं, ते पाहा. अर्धा तास योग्यच आहे. पाऊण तासाच्या पुढे गेलात तर गाढ झोपेतून उठल्यामुळे डोकं जड होतं, म्हणून गजर लावा. आणि बेलला ‘झोपले होते’ म्हणा.

प्रश्न : यजमान पीथमपूरला कंपनीत. सगळे पैशाचे व्यवहार तेच पाहतात. घर सासऱ्यांच्या नावावर. मी विचारलं तर ‘मी मरायची वाट बघतेस का’ म्हणतात. मला भीती वाटते, लोभ नाही. (राजेंद्र नगर)

उत्तर : विषय मरणावरून काढू नका, दिवाळीच्या साफसफाईत कागदांच्या कपाटावरून काढा. दर रविवारी एकच कागद. सहा रविवारांत काम होतं.

पहिला रविवार, बँक. खातं दोघांच्या नावे ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या पद्धतीचं करा. एकाच्या नावाचं खातं माणूस गेल्यावर थांबतं. नॉमिनी असला तरी अर्ज आणि मृत्यूचा दाखला द्यावा लागतो, आणि नॉमिनी हा मालक नसतो, वारसांसाठी रक्कम सांभाळणारा असतो. गेलेल्या माणसाचं एटीएम कार्ड वापरून पैसे काढणं नंतर अंगाशी येतं. दुसरा, प्रॉव्हिडंट फंड. हे सगळ्यांत जास्त राहून जातं. लग्नाआधी आईवडिलांच्या नावे केलेलं नामनिर्देशन लग्न झालं की रद्द ठरतं, नव्यानं करावं लागतं. तिसरा, विमा. नवी पॉलिसी घेणार असाल तर १८७४ च्या विवाहित स्त्री संपत्ती कायद्याखाली घ्यायला सांगा. मग ती रक्कम यजमानांना कर्ज देणाऱ्यांच्या हाती जात नाही. हे पॉलिसी घेतानाच ठरवायचं असतं, नंतर जोडता येत नाही.

चौथा रविवार घराचा. घर सासऱ्यांच्या स्वकष्टाचं असेल तर ते मृत्युपत्रानं कोणालाही देऊ शकतात. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्यांची आई यांचे हिस्से सारखे होतात. तुमच्या नणंदांचाही त्यात हक्क आहे, हे विसरून मनात आराखडे बांधू नका. आधी गेलेल्या मुलाची बायको-मुलं त्याच्या हिश्शावर येतात. सून म्हणून राहत्या घरात राहण्याचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात मिळतो, पण तो राहण्याचा, मालकीचा नाही. सासरे मोकळे असतील तर मृत्युपत्र सुचवा. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर केलेलं चालतं. नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी.

पाचव्या रविवारी तुमचे दागिने. फोटो, वजन, पावत्या, कोणी दिलं ते, एका वहीत. स्त्रीधन तुमचं आहे, फक्त दाखवता आलं पाहिजे. सहाव्या रविवारी मोबाइल. ज्या नंबरवर ओटीपी येतो तो कोणता, आणि फोन उघडतो कसा. पुढे कधी वेळ आलीच तर तो नंबर लगेच बंद करायचा नाही, रिचार्ज करत राहायचा. घाईनं सिम बंद केलं की बँक, विमा, गॅस सगळीकडचे दरवाजे एकदम लागतात.

प्रश्न : वय ५१. बायपासजवळच्या टाउनशिपमध्ये राहते. कुठे जायचं तर मुलगा किंवा हे सोडणार तेव्हा. स्कूटी शिकायची आहे, सगळे हसतात. (निपानिया)

उत्तर : लायसन्ससाठी ‘विना गिअर’ हा वर्ग निवडा. चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखला, फॉर्म १-ए, लागतो. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं, पक्क्याची परीक्षा तीस दिवसांनंतर देता येते. तुमच्या वयात पक्कं लायसन्स साठाव्या वर्षापर्यंतचं मिळतं.

गाडी निवडताना रंग पाहू नका. सीटवर बसून दोन्ही टाचा जमिनीला टेकतात का ते पाहा. नुसते चवडे टेकत असतील तर ती गाडी तुमच्यासाठी उंच आहे. शंभर-सव्वाशे किलोची गाडी तोल गेल्यावर चवड्यांवर सावरत नाही. पहिले दोन दिवस इंजिन बंद ठेवून, बसून पायांनी ढकलत चालवा आणि ब्रेकनं थांबवा. तिसऱ्या दिवशी इंजिन चालू, पाय खालीच. पाय वर घ्यायची घाई पाचव्या दिवसापर्यंत नको. साडीवर शिकू नका, सलवार किंवा पँट घाला. ओढणी मागे गाठ मारून.

या वयात पडण्याचं कारण जवळपास एकच असतं. घाबरलं की मूठ आवळली जाते, मूठ आवळताना मनगट मागे वळतं आणि अॅक्सिलरेटर उघडतो. गाडी पुढे उसळते, भीती वाढते, मूठ आणखी आवळते. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन्ही हातांची दोन-दोन बोटं ब्रेकच्या दांडीवर ठेवायची सवय लावा. उजवं मनगट सरळ, वळलेलं नको. थांबताना आधी डावा ब्रेक, मग हलका उजवा. वळणावर नुसता उजवा दाबला तर पुढचं चाक सरकतं.

टाउनशिपच्या आतल्या रस्त्यांवर सकाळी सहाला पंधरा दिवस, मग भाजीबाजारापर्यंत, आणि महिनाभर तरी बायपासच्या सर्व्हिस रोडवर जाऊ नका, तिथे उलट्या बाजूनं गाड्या येतात. हेल्मेट आयएसआयचं आणि पट्टा लावलेलं. पहिले दोन महिने मागे कोणाला बसवू नका, यजमानांना तर नाहीच. मागून ‘ब्रेक, ब्रेक’ ओरडतात आणि स्वतःचे पाय खाली सोडतात.